भाषा अनेक, करार एक

संगणकाला आज्ञा देण्यासाठी माणसाने शेकडो भाषा निर्माण केल्या आहेत. १९५७ साली आलेली फोर्ट्रान ही गणितासाठी घडविली गेली. पुढे बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा सिद्ध केली. १९९१ मध्ये पायथन प्रसिद्ध झाली. परंतु मोठे कार्य यांपैकी एकट्या भाषेने क्वचितच होते. पायथनमध्ये समीकरणे सोडविणारा अभ्यासक नमपाय या संचाचा आधार घेतो, तेव्हा पडद्याआड लॅपॅक या मूळ फोर्ट्रानमध्ये रचलेल्या संग्रहातील गणनरीती कामाला लागतात. मग या भाषांचा परस्परांशी व्यवहार चालतो तरी कसा?

त्या एकमेकींची भाषा शिकत नाहीत. यंत्राच्या स्मृतीत अखेर अंकांच्या मालिकाच उरतात. म्हणून कोणते मूल्य कोठे ठेवावयाचे, ते किती बाइटांचे आणि उत्तर कोठून उचलावयाचे, एवढाच करार लागतो. या कामी सी भाषेचा रिवाज बहुतेक भाषांनी मान्य केला आहे. पूर्वी हुंडी लिहिणारा एका प्रांताचा आणि ती वटविणारा दुसऱ्या प्रांताचा असे. तरी रक्कम व मुदत ठरल्या रीतीने लिहिलेली असली की व्यवहार पुरा होई. तसेच हे आहे.

करार पाळला नाही तर घोटाळा मुकाट्याने होतो. सी भाषा कोष्टक ओळीओळीने मांडते, तर फोर्ट्रान स्तंभास्तंभाने. एकीची मांडणी दुसरीने आपल्या रीतीने वाचली की ओळींचे स्तंभ होतात. यंत्र तक्रार करीत नाही. उत्तर मात्र चुकते.

घटक निरनिराळ्या यंत्रांवर असतील, तर जेसनसारख्या ठराविक घाटाच्या मजकुरातून निरोप धाडतात. पण आकडा बिनचूक पोहोचला म्हणजे त्याचा अर्थही पोहोचला, असे नव्हे. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाच्या बाबतीत पृथ्वीवरील एक आज्ञावली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती आणि दुसरी ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालत होती. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचे अंतर आहे. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापासून २२६ किलोमीटरांवरून जावयाचे यान सुमारे ५७ किलोमीटरांपर्यंत खाली गेले आणि कायमचे हरवले.

तेव्हा दोन आज्ञावली जोडणाऱ्याने आकड्याचा आकार ठरवून थांबता कामा नये. त्याचे परिमाणही करारात लिहिले पाहिजे.