स्टेज, जबडा आणि कथेतला दुसरा अर्थ

आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा परिसरात 1970च्या दशकात श्रमिक संघटनेने आदिवासींच्या जमिनींचा लढा उभारला. त्याच चळवळीतून भिल्ल कवी वाहरू सोनवणे पुढे आले. 1987 साली त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता एखाद्या लघुकथेसारखी उलगडते: काही माणसं खालीच बसून राहतात आणि त्यांचंच दुःख वर चढलेले लोक त्यांना ऐकवतात. स्टेज आधी खरंखुरं स्टेज असतं. कोण बोलतं आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न पडला की तेच सत्तेचं रूपक होतं.

कथेतही असंच घडतं. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा खाणीतलं काम सुटल्यावर चितेच्या राखेत सोनं शोधतो. एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, तुटतात. नंतर कळतं, खाण पुन्हा सुरू झाली.

हा जबडा म्हणजे भूक, असं झटकन म्हणणं सोपं आहे, पण अपुरं. आधी ती बोटं पाहावीत. दगड फोडणारी, घर चालवणारी बोटं होती ती!