हृदयाची झडप आणि घराचा धीर

बुद्धिमान मुलानें डॉक्टर व्हावें अथवा इंजिनियर व्हावें, असा आपल्या सुशिक्षित घरांचा संकेत ठरून गेला आहे. या दोन राजमार्गांच्या मधून एक तिसरी वाट निघते. तिच्याकडे मात्र आपलें लक्ष अद्याप पुरेसें गेलेलें नाहीं. हृदय व रक्तवाहिन्या यांचें बलगणित आणि शरीरांत बसवावयाच्या कृत्रिम भागांची घडण, ही ती वाट. या विषयांत पीएच. डी. करण्याची सोय आज आपल्या देशांत आहे, परदेशांतही आहे. तींत मिळतें काय आणि मोजावें लागतें काय, याचा विचार घरांतील वडील मंडळींनींही करावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम विषयाचें स्वरूप पाहूं. आपलें हृदय दिवसांत सुमारें १ लाख वेळां आकुंचन पावतें. रक्त उलट फिरूं नये म्हणून त्यांत चार झडपा असतात. लहानपणच्या सांधेज्वरानें किंवा वार्धक्यानें एखादी निकामी झाली, म्हणजे तिच्या जागीं कृत्रिम झडप बसवितात. ही झडप वर्षाकांठीं पावणेचार कोटी वेळां उघडमीट करणार! ती झिजतां कामा नये, तिच्या कडेला रक्ताची गुठळी होतां कामा नये, तिच्या आघातानें रक्तपेशी फुटतां कामा नयेत. म्हणून कठीण पदार्थांची नवी झडप शीघ्रगति यंत्रावर ४० कोटी वेळां चालवून पाहतात. दहा वर्षांची झीज अशी थोड्या काळांत कळून येते.

येथें चुकीची किंमत कोण देतो, हेंही सांगितलें पाहिजे. बियॉर्क-शायली झडपेचा एक प्रकार १९७९ पासून विकला जात होता. त्यांतील चकती धरून ठेवणारी बारीक तार कांहीं रुग्णांच्या हृदयांतच तुटली. माणसें दगावलीं, आणि १९८६ मध्यें तो प्रकार बाजारांतून काढून घ्यावा लागला. तारेच्या एका सांध्याचा अभ्यास हा असा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

आपल्याकडील उदाहरण तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेचें. शल्यवैद्य डॉ. एम. एस. वलियाथन् १९७४ मध्यें तेथें आले. परदेशी झडप सामान्य रुग्णाच्या आवांक्याबाहेरची होती. म्हणून ती येथेंच घडविण्यासाठीं त्यांनीं इंजिनियर आणि वैद्य यांस एका कामाला जुंपलें. झडप एका झटक्यांत साधली नाहीं. तीन नमुने टाकून द्यावे लागले. कृत्रिम नीलमण्याची चकतीसुद्धां वापरून सोडून द्यावी लागली. चौथ्या नमुन्यांत कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट, विशेष टिकाऊ पॉलिएथिलीनची चकती आणि पॉलिएस्टर कापडाचें कडें अशी योजना झाली. ही झडप डिसेंबर १९९० मध्यें प्रथम रुग्णाच्या हृदयांत बसली. पुढें ती लाखाहून अधिक रुग्णांस लाभली. डॉ. वलियाथन् २०२४ मध्यें निवर्तले. परंतु त्यांनीं घालून दिलेली रीत टिकून आहे.

आतां संधींविषयीं. चित्रा संस्थेंत, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत आणि मुंबई, मद्रास, दिल्ली येथील आय.आय.टीं.त अशा प्रकारचें संशोधन करतां येतें. मद्रासची आय.आय.टी., वेल्लोरचें ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि चित्रा संस्था यांनीं या क्षेत्रांत संयुक्त शिक्षणही चालविलें आहे. यंत्र, धातु, रसायन अथवा जैववैद्यकीय शाखेचा इंजिनियर, तसाच पदार्थविज्ञानाचा पदवीधर, यांस दार उघडें असतें. प्रवेश बहुधा गेट किंवा नेट परीक्षा आणि मुलाखत यांवरून होतो. केंद्र सरकारची संशोधनवृत्ति २०२३ मध्यें पहिल्या दोन वर्षांस दरमहा ३७,००० व पुढें ४२,००० रुपये करण्यांत आली, घरभाडेंभत्ता निराळा. युरोपांत मेरी स्क्लोडोव्स्का-क्यूरी योजनेखालीं निवडलेल्या संशोधकांस पगारी नेमणूक मिळते, आणि तेथें कोणत्याही देशाच्या नागरिकास अर्ज करतां येतो.

तथापि केवळ संस्थेच्या नांवावर भुलूं नये. प्रयोगशाळेचा एखाद्या रुग्णालयाशीं रोजचा संबंध आहे काय, चाचणीचीं यंत्रें चालू स्थितींत आहेत काय, मार्गदर्शकाचे पूर्वींचे विद्यार्थी आज कोठें आहेत, हें अगोदर विचारावें. पीएच. डी.स पांच-सहा वर्षें सहज लागतात, आणि पुष्कळसें संशोधन प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोंचतच नाहीं, हेंही जाणून असावें.

या वर्षांत बरोबरीचे मित्र घर घेतात, गाडी घेतात. आपला मुलगा मात्र अजून "शिकतच" असतो. मुलगी असेल तर लग्नाची घाई तिच्या प्रबंधाआधीं दारांत उभी राहते. कित्येक चांगलीं कामें प्रयोगशाळेंत नव्हे, तर घरच्या माजघरांत अशीं खुंटतात. एकत्र कुटुंबाचें खरें बळ येथें उपयोगीं पडावें: चार मिळवत्या हातांनीं पांचव्यास थोडी सवड द्यावी. सुटींत घरीं आलेल्या संशोधकास "अजून किती दिवस?" असें विचारूं नये. "या खेपेस काय मोडलें, आणि कां मोडलें?" असें विचारून पाहावें. चुलत्याच्या किंवा आजीच्या तोंडचा हा प्रश्न ऐकून तो जेवणाचें ताट बाजूला सारून उत्तर सांगूं लागेल.