कॅमेऱ्याला तिपाई कोणती घ्यावी?

आमच्या गावात एक म्हाताऱ्या आजीबाई होत्या. एकदा मी त्यांचा फोटो काढला. आजी माजघरात जात्यापाशी बसल्या होत्या. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता, तो नेमका त्यांच्या तोंडावर पडला होता. मी कॅमेरा हातात धरला, श्वास रोखला आणि कळ दाबली.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर तो हललेला! डोळे पुसट, कपाळावरचे गोंदण पुसट. म्हटले, पुन्हा जाऊन काढू. पण ते राहून गेले. पुढच्या पावसाळ्यात आजी वारल्या. त्यांच्या मुलाने फोटो मागितला, तेव्हा तोच पुसट फोटो मला द्यावा लागला. त्यांच्या घरी भिंतीवर आजही तोच आहे.

माझा हात काही कापरा नाही. मग फोटो हलला कसा?

त्याचे असे आहे. कॅमेऱ्याला एक पापणी असते, असे समजा. कळ दाबली की ती उघडते आणि मिटते. बाहेर लख्ख ऊन असेल, तर ती पटकन मिटते. सेकंदाचे पाचशे भाग केले, तर त्यांतल्या एका भागापुरतीच ती उघडी राहते. तेवढ्यात हात हलून हलणार किती? पण माजघरात उजेड कमी. तिथे पुरेसा उजेड आत यायला ती पापणी अर्धा सेकंद उघडी ठेवावी लागते. अर्ध्या सेकंदात आपला हात, आपला श्वास, छातीची धडधड, सगळे त्या फोटोत उतरते. लांबचे जवळ दाखवणारे मोठे भिंग लावले असेल, तर ही थरथर आणखी मोठी दिसते.

हल्लीच्या कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमध्ये ही थरथर कमी करण्याची सोय असते. तिचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण तिलाही मर्यादा आहे. रात्री देवळाची दीपमाळ टिपायची असेल, आकाशातले तारे टिपायचे असतील, तर कॅमेरा कशावर तरी घट्ट बसवावाच लागतो. त्यासाठी तिपाई लागते. बाजारात तिला ट्रायपॉड म्हणतात, कोणी स्टँड म्हणतात. आपण तिपाईच म्हणू.

पूर्वी तर तिच्यावाचून चालतच नसे. फोटोची विद्या नवी होती, तेव्हाची गोष्ट ऐका. १८३८ साली फ्रान्समधल्या दागेर नावाच्या माणसाने पॅरिस शहरातल्या एका रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. त्याला काही मिनिटे लागली. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसे होती. पण ती चालती होती, म्हणून फोटोत त्यांची खूणसुद्धा उमटली नाही. एक माणूस मात्र दिसतो. तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता!

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट दाखवला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या आधी १९१२ साली त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि बी रुजून वेल होईपर्यंत तो चित्रे टिपत राहिला. कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात पडद्यावर दिसली. असल्या कामात कॅमेरा मध्येच बोटभर सरकला, तर पडद्यावर वेल उडी मारताना दिसेल. म्हणजे कॅमेरा जागच्या जागी राहणे किती मोलाचे, ते पाहा.

आता पाय तीनच का? चुलीचे दगड तीन असतात ना? जमीन कशीही असो, तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी घालावी लागते. चहाच्या हॉटेलात तुम्ही ते पाहिले असेल. तिपाईचे गणित चुलीचेच आहे.

माझा भाचा तालुक्याच्या गावी फोटोचा धंदा काढायला निघाला. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, बचत गटाकडून कर्ज काढले. कॅमेरा घेऊन झाला. थोडे पैसे उरले. तो माझ्याकडे आला नि म्हणाला, “मामा, ट्रायपॉड घ्यायचाय. दुकानात एक बघून ठेवलाय. हलका आहे, उंच होतो, शिवाय स्वस्त. घेऊन टाकू का?”

मी म्हटले, “अरे, आधी सांग, फोटो कशाचे काढणार?”

“लग्नं, बारशी. शाळेचे फोटो. आणि व्हिडिओ तर सगळ्यांनाच लागतो.”

“तुझ्या कॅमेऱ्याचं वजन किती?”

त्याला ते ठाऊक नव्हते. मग आम्ही समोरच्या वाण्याकडे गेलो आणि कॅमेरा, मोठे भिंग, फ्लॅश, सगळे तागडीत घातले. दोन किलोच्या आसपास भरले. मी त्याला सांगितले, दोन किलोसाठी निदान चार किलो पेलणारी तिपाई बघ. खोक्यावर आकडा लिहिलेला असतो. पण त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीने तो आकडा काढतो. सगळ्यांचे माप एक नाही.

म्हणून दुकानात आपण स्वतः परीक्षा घ्यावी. तिपाई पूर्ण उघडावी. वरून दोन्ही हातांनी दाबावी, एखादा पाय आत सरकतो का पाहावे. माथा धरून थोडा पिळावा. पाय वेलीसारखे वळले, तर ती तिपाई ठेवून द्यावी. मग आपला कॅमेरा वर चढवावा, पडद्यावर लांबची एखादी पाटी मोठी करून पाहावी आणि भिंगाला बोटाने हलकेच टिचकी मारावी. चित्र थरथरेल. ती थरथर चटकन थांबली, तर माल बरा. पाळण्यासारखे झुलतच राहिले, तर नको. दुकानदार कंटाळतो, पण त्याला कंटाळू द्यावे. पैसे आपले आहेत.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. मीही पूर्वी एक स्वस्त तिपाई घेतली होती. तिचे डोके प्लॅस्टिकचे होते. एका लग्नात ती मांडवाच्या कडेला मांडली होती. मंगलाष्टके चालू होती. शेवटचे ‘सावधान’ झाले, अक्षता पडल्या, आणि माझा कॅमेराही पडला. डोक्याचा तुकडाच मोडला होता. भिंगाला तडा गेला. ते नुकसान माझे मी सोसले. पण नवरानवरीने एकमेकांना हार घातले, त्याचा एकही फोटो माझ्याजवळ नव्हता. ते काही पैशाने भरून येत नाही.

उंचीबद्दल लोकांची गफलत होते. तिपाईच्या मधोमध एक दांडा असतो. तो वर ओढला की कॅमेरा आणखी उंच जातो. दुकानदार दांड्यासकट उंची सांगतो. पण दांडा वर काढला, की कॅमेरा तीन पायांवर न राहता एका काठीवर राहिला. वाऱ्याने तो हलणारच. तेव्हा दांडा खाली असताना उंची किती, ते विचारावे. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाच फुटांच्या थोडे वर असतात. त्यातले अर्ध्या फुटाहून थोडे जास्त तिपाईच्या डोक्याने आणि कॅमेऱ्याने भरून निघते. म्हणजे नुसते पाय साडेचार फुटांचे असले, तरी वाकावे लागत नाही. खूप उंचीच्या मोहात पडू नये.

पायांच्या नळ्या एकात एक सरकतात. कुणाला तीन टप्पे असतात, कुणाला चार, कुणाला पाच. टप्पे जास्त, तितकी तिपाई मिटल्यावर आखूड होते. एस.टी.ने फिरणाऱ्याला ते सोयीचे. पण प्रत्येक टप्प्याला नळी बारीक होत जाते. पाचव्या टप्प्याची नळी कधी कधी बोटाएवढी असते. म्हणून उघडताना आधी वरच्या जाड नळ्या उघडाव्यात. बारीक नळ्या अगदी गरज पडली तरच.

नळ्या पक्क्या करायला दोन तऱ्हा असतात. एक खटक्याची, दुसरी पिळाची. खटका लागला की नाही, ते लांबूनही दिसते. लग्नाच्या गडबडीत ते बरे पडते. पिळाच्या तिपाईत अडकण्यासारखे काही बाहेर नसते, पण घाईत एखादा पिळ अर्धवट राहतो. माझे मत विचाराल, तर नवशिक्याने खटक्याची घ्यावी.

नळ्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात. दुसऱ्या कार्बन फायबरच्या. त्या वजनाला हलक्या, थरथर लवकर जिरवणाऱ्या, आणि महाग. गडकिल्ल्यांवर ओझे वाहून नेणाऱ्याला त्या परवडतील. गाडीतून उतरून मांडवात जाणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरे.

खरी निवड असते ती डोक्याची. कॅमेरा ज्यावर बसतो, ते डोके. भाच्याने पाहून ठेवलेल्या तिपाईला गोळ्याचे डोके होते. उखळीत गोळा बसवलेला असतो. एक चावी सैल केली, की कॅमेरा हवा तसा फिरतो. आवळली, की थांबतो. फोटोला हे फार छान. चटकन काम होते. पण त्याला व्हिडिओ करायचा होता. नवरीची वरात येते आहे, तिच्याबरोबर कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवायचा आहे. गोळ्याचे डोके सैल केले, तर कॅमेरा फिरतो आणि मानही टाकतो. चित्र हिसके खाते. त्यासाठी वेगळे डोके मिळते. त्याला लांब दांडी असते आणि आत दाट वंगण असते. दांडी ढकलली की कॅमेरा संथ सरकतो, जसे तेलपाणी केलेले मोटेचे चाक. याला बाजारात फ्लुइड हेड म्हणतात. नावावर जाऊ नये, दुकानात फिरवून पाहावे. सुरू होताना आणि थांबताना झटका बसला, तर नाव काहीही असो, ते घेऊ नये.

तिसऱ्या तऱ्हेच्या डोक्याला तीन दांड्या असतात. एक आडवे फिरवायला, एक वरखाली करायला, एक कलते करायला. काम सावकाश होते, पण नेमके होते. जुन्या फोटोंच्या नकला करायच्या, दुकानातल्या मालाचे फोटो काढायचे, तर हे डोके चांगले.

डोके पायांपासून सुटे होणारे असावे. पुढे धंदा वाढला, तर नुसते डोके बदलता येते. कॅमेऱ्याच्या बुडाला जे भोक असते, ते पाव इंची स्क्रूचे असते, आणि बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांना तेच माप चालते. कॅमेऱ्याखाली बसणारी छोटी पट्टी मात्र जपावी. ती हरवली, की सगळी तिपाई निकामी! माझी एकदा मांडवातल्या सतरंजीखाली गेली, ती मांडव उतरवल्यावर सापडली. जास्तीची एक पट्टी पिशवीत ठेवावी.

तुमच्याजवळ नुसता मोबाईल असेल, तर एवढा खर्च करू नका. मोबाईल धरणारा चिमटा आणि लहानशी तिपाई पुरते. फक्त चिमट्याची पकड चांगली बघा.

तिपाई मांडण्याचीही रीत आहे. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला ठेवावेत आणि एक चढाच्या बाजूला. वारा असेल, तर मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी. पण ती जमिनीला टेकेल अशी, नाहीतर पिशवीच झोके घेते. कळ दाबताना बोटाचाही धक्का बसतो. म्हणून कॅमेऱ्याला दोन सेकंदांनी फोटो काढायला लावावे. समुद्रकाठी वापरली, तर घरी येऊन नळ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात आणि कोरड्या कराव्यात. कास पठारावर फुलांच्या दिवसांत जाल, तर पाय कुठे रोवता ते बघा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या लेण्यांत नि किल्ल्यांवर तिपाई लावायला आधी परवानगी काढावी लागते. ती नसेल, तर पहारेकरी अडवणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

आणि एक. तिपाईने कॅमेरा थांबतो, समोरचे माणूस थांबत नाही. पळणारे पोर अंधारात हललेलेच येणार. तिथे उजेडच वाढवावा लागतो.

भाच्याने शेवटी ती स्वस्त तिपाई घेतली नाही. तीन टप्प्यांची, खटक्याची, ॲल्युमिनियमची घेतली. वर दांडीचे डोके बसवले. वजन अंमळ जास्त आहे, खांदा दुखतो म्हणून कुरकुरला. पैसे कमी पडले, ते मी घातले.

पहिला फोटो त्याने घरातच काढला. संध्याकाळची वेळ होती. माझी बहीण स्वयंपाकघरात दूध तापवत होती, खिडकीतून थोडाच उजेड होता. त्याने दारात तिपाई मांडली, खटके एकेक करून तपासले आणि म्हणाला, “आई, जरा इकडं बघ. हलू नकोस.”

ती पदर सारखा करून स्थिर बसली. कॅमेरा अर्धा सेकंद उघडा राहिला आणि मिटला.

“झालं का रे?” ती म्हणाली. “दूध उतू चाललंय.”