नुसतं ‘थांबा’ काय म्हणता!

लाइटबिल भरायचं असो, गॅसचा नंबर लावायचा असो नाहीतर मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो. बटण दाबलं की पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं आणि आपण मोबाईल हातात धरून त्याच्याकडे बघत बसतो. फार तर खाली एक ओळ येते, ‘कृपया प्रतीक्षा करा’. किती वेळ? कशासाठी? पत्ता नाही. मग कुणीतरी मागून म्हणतं, ‘‘अगं, हँग झालंय ते, परत दाब!’’

मैत्रिणींनो, मी पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि असली पानं बनवणं हाच माझा रोजचा उद्योग. म्हणून आज आमच्या घरातलीच एक गोष्ट फोडते. ते चक्र म्हणजे नुसतं चित्र असतं. ते तुमच्या मोबाईलवरच फिरतं. तिकडे सर्व्हरवर काम जोरात चालू असेल, रांगेत अडकलं असेल किंवा मध्येच बंद पडलं असेल, चक्राला त्याचं काही सोयरसुतक नाही. ते आपलं फिरतच राहतं. ‘अमुक सेकंदांत उत्तर आलं नाही तर चक्र थांबव आणि तसं स्पष्ट सांग’ असं बनवणाऱ्याने मुद्दाम लिहून ठेवलेलं असेल तरच ते थांबतं. पुष्कळ ठिकाणी ते लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा आपला कुकर बरा. शिट्टी झाली की कळतं, आत काम चाललंय. तीन झाल्या की भात झाला. मधल्या वेळात कोथिंबीर निवडून होते. आणि शिट्टीच होईना, तर रिंग नीट बसली नाही हे आपण लगेच ओळखतो. किती झालं, किती राहिलं आणि बिघडलंय का, तिन्ही गोष्टी एका शिट्टीत! वेबसाइटकडून माझी अपेक्षा याहून जास्त नाही.

आता तुम्ही म्हणाल, दहा-वीस सेकंदांचं काय एवढं कौतुक? आमच्या माहेरच्या शेजारच्या काकूंचं ऐका. काकू घरगुती पोळी-भाजीचे डबे देतात. मुलीची कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख होती. रक्कम सहा हजार दोनशे. दुपारचे डबे पोचवून त्या मोबाईल घेऊन बसल्या. यूपीआयचा पिन टाकला, आणि कॉलेजच्या वेबसाइटवर परत आल्या तर पडदा पांढराफट्ट. ना चक्र, ना अक्षर. पाच मिनिटं वाट बघून त्या मागच्या पानावर गेल्या. तिथे फी ‘बाकी’च दिसत होती आणि ‘फी भरा’ हे बटणही तसंच होतं. शेवटची तारीख! कुणीही जे केलं असतं तेच त्यांनी केलं. पुन्हा भरली. संध्याकाळी बघतात तर दोन्ही वेळचे पैसे गेलेले.

जास्तीचे पैसे परत मिळायला दीड महिना लागला. कॉलेजच्या ऑफिसात तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला दुपारच्या डब्यांचा खाडा. आणि वर खिडकीतून ऐकून घ्यावं लागलं, ‘‘तुम्हीच दोनदा दाबलं ना?’’ या वाक्याचा मला फार राग येतो. पांढरा पडदा ज्याने दाखवला तो मोकळा आणि दोष बाईचा!

पडद्यामागे काय होत होतं ते सांगते. पिन टाकल्यावर पैसे बँकेतून निघतात, पण ‘पैसे मिळाले’ हा निरोप कॉलेजच्या सर्व्हरपर्यंत मधल्या एक-दोन कंपन्यांमार्फत पोचतो. शेवटच्या तारखेला सगळ्यांचीच गर्दी, त्यामुळे निरोप उशिरा येतो. तोवर कॉलेजच्या दप्तरी फी बाकीच. ही दिरंगाई प्रत्येक वेळी टाळता येत नाही, हे मी मान्य करते. पण तेवढ्या वेळात पडद्यावर चार ओळी तर लिहिता येतात? ‘तुमच्या पैशांची खात्री बँकेकडून करून घेत आहोत. याला काही मिनिटं लागू शकतात. पुन्हा पैसे भरू नका. हे पान बंद झालं तरी पावती एसएमएसने येईल.’ आणि खात्री होईपर्यंत ते ‘फी भरा’ बटण बंद ठेवायचं. शिवाय त्याच मुलीची तीच फी लगेच दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने ती ओळखून अडवायची. आमच्या धंद्यात यात नवीन काहीच नाही. अर्थात पावती एसएमएसने येईल असं लिहिलं तर ती यायला हवी हं!

वाट बघणाऱ्या माणसाच्या मनाचा अभ्यासही काही आजचा नाही. १९६८ साली रॉबर्ट मिलर यांनी संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं यावर निबंध लिहिला होता. १९९३ मध्ये जेकब नीलसन यांनी आपल्या पुस्तकात तीन आकडे दिले, ते आम्ही अजून वापरतो. सेकंदाचा दहावा भाग, तेवढ्यात झालं तर लगेच झाल्यासारखं वाटतं. एक सेकंद, तोपर्यंत विचारांची तार तुटत नाही. आणि दहा सेकंद, त्यापुढे माणसाचं लक्ष उडतं. म्हणून दहा सेकंदांपुढच्या कामाला नुसतं चक्र पुरत नाही, किती झालं ते दाखवावं लागतं. भरत जाणारी ती पट्टी असते ना, ती लोकांना आवडते हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच दाखवून दिलं होतं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती २०११ सालच्या एका अभ्यासाची. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन यांनी विमानाची तिकिटं शोधणारी एक नमुना वेबसाइट लोकांपुढे ठेवली. ‘आता या कंपनीची तिकिटं बघतोय, आता त्या कंपनीची’ असं काम दाखवलं, तेव्हा लोकांना ती सेवा जास्त मोलाची वाटली. इतकी, की चुटकीसरशी आलेल्या त्याच उत्तरापेक्षा थांबून मिळालेलं उत्तर काहींना बरं वाटलं. राबताना दिसलं की किंमत कळते म्हणायची. (घरकामाबद्दल हा अभ्यास कुणी करेल का?) पण याचा गैरफायदाही घेता येतो. काम एका क्षणात झालेलं असताना उगाच पट्टी सरकवत ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक खूश! मला हे पटत नाही. ऑफिसात यावरून माझे वादही झालेत. पट्टी दाखवायची तर खऱ्या कामाची. अंदाज येत नसेल तर तसं लिहा, पण नव्वद टक्क्यांवर नेऊन लोकांना ताटकळत ठेवू नका.

खरी अडचण अशी आहे की पान बनवणारे बसतात पुण्या-मुंबईच्या ऑफिसात. तिथलं नेट एवढं पळतं की वाट बघायची वेळच येत नाही. संदेश लिहायला हवा हे सुचणार कसं? ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम संथ करून बघायची सोय असते. नवीन पान तयार झालं की मी तसं करते आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलांना चालवायला देते. अर्ध्या मिनिटात चुळबूळ सुरू! मग मात्र संदेशाचे शब्द ठरवायला सगळे पुढे येतात.

आता तुमच्या कामाचं थोडं. पैसे भरताना पडदा अडकला तर आधी बँकेचा एसएमएस आणि यूपीआय ॲपमधला इतिहास बघा. तिथे व्यवहाराचा बारा आकडी नंबर असतो, तो अर्जाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवा. पैसे गेलेले दिसत असतील किंवा ‘पेंडिंग’ असेल, तर दुसऱ्यांदा भरण्याची घाई नको. शेवटच्या तारखेची धास्ती असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि तो जोडून ऑफिसला त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी नको. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले, पण पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर एका दिवसात परत जमा व्हायला हवेत. दुकान किंवा संस्थेला भरलेले असतील आणि तिकडे खात्री पोचली नसेल, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती न मागता मिळाली पाहिजे. पण काकूंसारखे दोन्ही वेळचे पैसे संस्थेला पोचले असतील, तर तो व्यवहार फसलेला धरत नाहीत. तिथे अर्ज संस्थेकडेच करावा लागतो, दोन्ही नंबर लिहून आणि पोच घेऊन. काकूंचं काम शेवटी तिसऱ्या खेपेला झालं ते त्या पोचेमुळेच.