कोणतं ‘रिझर्व्हेशन’?

पुणे स्टेशनवर ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे बर्थ. वस्तीत मात्र ‘जागेवर रिझर्व्हेशन पडलंय’ ऐकलं की पोटात गोळा येतो. विकास आराखड्यात तिथे बाग, शाळा किंवा रस्ता दाखवलेला असतो, आणि हरकत मुदतीतच नोंदवावी लागते. पण युवा शिबिरांत आम्हाला वारंवार भेटतो तो तिसराच अर्थ. ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होतं ना?’ इथे दोन आरक्षणांची सरमिसळ आहे. येरवड्यात २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारातल्या १४८ राखीव जागा प्रांतिक कायदेमंडळांच्या होत्या. संविधानातली दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे, तीही लोकसभा-विधानसभेच्या जागांपुरती. वाढत वाढत ती २०३० पर्यंत आली. नोकऱ्यांचं कलम १६(४) आणि शिक्षणासाठी १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेलं १५(४) उघडून बघा, त्यांत मुदत लिहिलेलीच नाही.