रानवाट-धाव
रानवाट-धाव : डोंगर, जंगल, माळरान, समुद्रकाठ अशा मोकळ्या प्रदेशातील कच्च्या पायवाटांवरून पायी धावण्याचा एक मैदानी क्रीडाप्रकार. ‘ट्रेल रनिंग’ या इंग्रजी नावानेही तो महाराष्ट्रात ओळखला जातो. ‘वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स’ या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार अशा शर्यतीच्या मार्गात डांबरी वा काँक्रीटच्या रस्त्याचे प्रमाण एकूण अंतराच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये. अंतराचे बंधन नाही, पाच-सात किमी.पासून १६० किमी. व त्याहूनही लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. क्रॉसकंट्री शर्यत ही याच कुळातली. परंतु ती बहुधा आखून घेतलेल्या फेऱ्यांवर व आटोपशीर अंतराची असते.

कोणत्याही दोन रानवाटा सारख्या नसल्याने या प्रकारात जागतिक विक्रमाला फारसा अर्थ उरत नाही. दोन मार्गांच्या काठिण्याची तुलना करण्यासाठी एक सोपा हिशेब वापरतात : किमी.मधील अंतरात प्रत्येक १०० मी. चढामागे एक मिळवावयाचा. म्हणजे १,००० मी. चढ असलेली २० किमी.ची वाट श्रमाच्या दृष्टीने ३० किमी.ची धरली जाते. या हिशेबात चढ येतो. वाटेवरची माती आणि डोक्यावरची हवा मात्र येत नाही. प्रत्यक्षात धावकाचे यशापयश, क्वचित त्याचे प्राणही, या दोहोंवर अवलंबून असतात.

रानवाटेने धावणे ही मुळात खेळाची नव्हे, कामाची गोष्ट होती. निरोप व टपाल पोहोचविणारे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत. ब्रिटिश अमदानीत त्यांच्या भाल्याला वा काठीला घुंगरे बांधलेली असत. त्या आवाजाने वाटेवरील श्वापदे दूर होत व पुढच्या चौकीला वर्दीही मिळे. खेळ म्हणून या धावण्याचा विकास प्रथम ब्रिटनमध्ये, तेथील शाळांच्या रानोमाळ शर्यतींतून व डोंगरी जत्रांतून झाला. क्रॉसकंट्रीचा समावेश १९१२, १९२० व १९२४ च्या ऑलिंपिक सामन्यांत होता. १९२४ साली पॅरिस येथे ही शर्यत कडक उन्हात झाली. फिनलंडच्या पाव्हो नुर्मीने ती जिंकली, परंतु निम्म्याहून अधिक धावक ती पूर्ण करू शकले नाहीत. कित्येक वाटेतच कोसळले. त्यानंतर क्रॉसकंट्री ऑलिंपिकमधून वगळण्यात आली.

शहरालगतच्या किनारी जंगलातील रानवाटेचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोजवळची डिप्सी शर्यत. ती १९०५ पासून होत आली असून मिल व्हॅली गावापासून रेडवुड वृक्षांच्या जंगलातून डोंगर ओलांडून पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टिन्सन बीचपर्यंत जाते. अंतर सु. १२ किमी., चढ सु. ६७० मी.; म्हणजे वरील हिशेबाने सु. १९ किमी.चे श्रम. आरंभीच जवळजवळ सातशे पायऱ्या चढाव्या लागतात. वय व लिंग पाहून धावकांना आधी सुटण्याची सवलत मिळते, त्यामुळे म्हातारे व मुले पुढे आणि तरणेबांड धावक त्यांच्या मागे असे दृश्य दिसते. १९७३ मध्ये मेरी एटा बॉयटॅनो ही दहा वर्षांची मुलगी त्यात पहिली आली. लांब पल्ल्याच्या शर्यतींना चालना मिळाली ती १९७४ नंतर. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील १०० मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत गॉर्डी एन्स्ली हा घोड्याविना, पायी धावला व २४ तासांच्या आत पोहोचला. त्यातूनच ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शर्यत निघाली. आल्प्समधील माँ ब्लां पर्वताभोवतीची शर्यत २००३ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये जागतिक महासंघाने रानवाट-धावेस अ‍ॅथलेटिक्सचा एक प्रकार म्हणून मान्यता दिली.

महाराष्ट्रात या खेळाला सह्याद्रीची तयार पार्श्वभूमी लाभली. सिंहगड, राजगड व तोरणा हे तीन किल्ले जोडणारी, पूर्वी गिरिभ्रमण करणाऱ्यांना परिचित असलेली वाट आता शर्यतीचाही मार्ग झाली आहे. सागरी हवेतील जंगल शहराला खेटून असण्याचे उदाहरण मात्र मुंबईचेच. बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सु. १०४ चौ. किमी. असून त्याचा नागला हा भाग उत्तरेस वसईच्या खाडीपर्यंत पोहोचतो. उद्यानाच्या मुख्य द्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे पहाटे पुष्कळ लोक धावतात. तो रस्ता डांबरी असल्याने ही धाव व्याख्येत बसत नाही, हा भाग वेगळा. आतील पायवाटांवर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्रवेशाचे निर्बंध आहेत व तेथे परवानगीनेच जाता येते. यामागे सबळ कारण आहे. या उद्यानात बिबट्यांची वस्ती दाट असून त्यांचा वावर मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत असतो. उन्हाळा टाळण्यासाठी धावक नेमकी तीच वेळ निवडतो. म्हणून उजाडण्यापूर्वी एकट्याने धावू नये व कानात संगीत लावू नये. बिबट्या दिसल्यास पाठ फिरवून पळू नये वा खाली वाकू नये. ताठ उभे राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे.

समुद्रापासून दूर असलेल्या मराठवाड्यात परिस्थिती अगदी निराळी आहे. जालना जिल्ह्यात (स्थापना १९८१) वनक्षेत्र फारच थोडे. उत्तरेस भोकरदन व जाफराबाद तालुक्यांच्या बाजूस अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे, दक्षिणेस गोदावरीचा सखल काठ व मधे शेते, माळ आणि ओढे असा हा मुलूख. येथील रानवाट म्हणजे गाडवाट, पाणंद किंवा बांधावरची पायवाट. पायी चालण्याची परंपरा येथे आहेच. अंगारकीला राजूरच्या गणपतीस भाविक मोठ्या संख्येने पायी जातात. धावकाची खरी गाठ पडते ती काळ्या मातीशी. पावसाळ्यात ती बुटाला चिकटत जाऊन दर पावलागणिक पाय जड करते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत आणि वाळून टणक झालेल्या चाकोरीत घोटा मुरगळतो. सुगीनंतर माळावरचे कुसळ मोज्यांत घुसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काय तो निर्वेध काळ. अशा प्रदेशातून जन्मलेली चिकाटी मोठ्या मैदानावर काय करू शकते, हे शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी दाखविले. सैन्यात महार रेजिमेंटमध्ये असताना २०१५ च्या सुमारास ते क्रॉसकंट्रीकडे वळले व पुढे ३,००० मी. स्टीपलचेस प्रकारात त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल सामन्यांत रौप्य आणि हांगजो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविले.

किनारा व पठार यांतील मुख्य भेद घामाचा आहे. धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सु. तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत रूपांतरित होतो आणि घाम वाळला तरच ती उष्णता शरीराबाहेर पडते. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही. त्यामुळे तापमान ३०° से.च्या आसपास असतानाही शरीर आतून तापत जाते. जालन्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४०° से.वर गेलेला असतो, पण हवा कोरडी. घाम फुटताक्षणी वाळतो, अंगरखा कोरडाच राहतो आणि किती पाणी गेले याची धावकाला जाणीव होत नाही. किनाऱ्यावर वेग आवरावयाचा, पठारावर पाण्याचा हिशेब ठेवावयाचा, असा हा फरक आहे. नव्या हवेस शरीर सरावण्यास सु. दहा ते चौदा दिवस लागतात, ही गोष्ट बाहेरगावी शर्यतीस जाणारे पुष्कळदा विसरतात.

तहान नसताना केवळ भीतीपोटी साधे पाणी पीत राहणेही घातक ठरते. रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून मळमळ, गोंधळलेपणा व क्वचित आकडी येते. तहानेनुसार पिणे व लांब पल्ल्यात मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-साखर-मिठाचे पाणी घेणे श्रेयस्कर. धावक असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला व अंग तापलेले असले, तर उष्माघात समजावा. शरीराचे आतले तापमान अशा वेळी ४०° से.हून अधिक असते व मिनिटामिनिटाला धोका वाढतो. रुग्णास आधी थंड करावे, मग हलवावे. शेतावरचा पाण्याचा हौद जवळ असेल, तर डोके वर धरून त्यातच बसवावे. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने पाणी पाजू नये.

थंडीही तितकीच जीवघेणी ठरू शकते. चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किमी.च्या डोंगरी शर्यतीत अचानक गारपीट, पाऊस व वादळी वारा सुटून २१ धावक मृत्युमुखी पडले. वारारोधक जाकीट तेथे सक्तीच्या सामानात नव्हते. त्यानंतर चीनमध्ये अशा शर्यती काही काळ थांबविण्यात आल्या.

धावण्याच्या तंत्रात चढावर पावले आखूड टाकतात. फार उभ्या चढावर चालणे हेच शहाणपणाचे मानले जाते व अव्वल धावकही तसेच करतात. नजर पायाशी नव्हे, तर तीन-चार मी. पुढे असावी. स्नायूंची खरी झीज उतारावर होते, कारण तेथे मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे वाढते ते यामुळे. बुटाच्या तळाला खोल खाचा असाव्या लागतात, परंतु शेवाळलेल्या जांभ्यावर वा ओल्या बेसाल्टवर त्यांचाही भरवसा धरता येत नाही. अशी जागा चालतच ओलांडावी लागते.