हसन अल-रम्माह : बारूद शुद्ध करणारे भालाईत

‘बारूद मुसलमानांनी शोधली,’ असे आपल्याकडे सभा-समारंभांत कधीकधी अभिमानाने सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण पहिल्यांदा चीनमध्ये तयार झाले. मग आपल्या पूर्वजांचा वाटा कोणता? तो समजून घ्यायचा तर हसन अल-रम्माह यांची ओळख करून घ्यायला हवी.

त्यांचे नाव नजमुद्दीन हसन. ‘रम्माह’ म्हणजे भालाईत. तेराव्या शतकात, ममलूक सुलतानांच्या अमलात ते शाम देशात, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागात होऊन गेले. तो काळ मोठा कठीण होता. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. १२६० मध्ये ऐन जालूतच्या लढाईत ममलूकांनी त्यांना रोखले, तरी शामच्या किनाऱ्यावर क्रुसेडर १२९१ पर्यंत ठाण मांडून होते. अशा वेळी युद्धविद्या शिकवणाऱ्या उस्तादांना मोठा मान असे.

घोडेस्वारी आणि युद्धकलेवर रम्माह यांनी ग्रंथ लिहिला. त्यात बारुदीच्या शंभराहून अधिक कृती असून त्यांपैकी बावीस अग्निबाणांच्या आहेत. पाण्यावरून स्वतःच्या जोरावर पुढे सरकणाऱ्या आणि पेट घेणाऱ्या एका अंडाकृती अस्त्राचे चित्रही त्यात आहे. त्याला आजच्या पाणतीराचा पूर्वज म्हटले जाते.

पण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे साधे दिसणारे काम. जमिनीतून मिळणाऱ्या सोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असतात. ते हवेतली ओल ओढून घेतात, दारू सर्द होते आणि ऐन वेळी पेटत नाही. लाकडाच्या राखेच्या मदतीने हे क्षार काढून सोरा शुद्ध कसा करावा, हे रम्माह यांनी पायरीपायरीने लिहून ठेवले. त्या काळी अरबीत ‘बारूद’ हा शब्द मुख्यतः सोऱ्यासाठीच वापरत. पुढे तो तयार दारूला लागला आणि आपल्या बोलीतही आला.

रम्माह यांनी श्रेय मात्र स्वतःकडे घेतले नाही. ही विद्या आपले वालिद, पूर्वज आणि उस्ताद यांच्याकडून मिळाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. त्यांच्या ग्रंथातली कित्येक नावे ‘चिनी’ म्हणून येतात. त्यांच्या आधीचे वनस्पतितज्ज्ञ इब्न अल-बैतार यांनीही सोऱ्याचे ‘चिनी बर्फ’ हे नाव नोंदवले होते. म्हणजे विद्या कुठून आली हे ते लपवत नव्हते. दुसऱ्याकडून घेतलेले इल्म पारखायचे, शुद्ध करायचे आणि लिहून पुढच्यांना द्यायचे, ही त्यांची रीत होती.

१२९५ च्या सुमारास रम्माह यांचे निधन झाले. बारूद मात्र मागे राहिली आणि पुढे अनेकांच्या हाती गेली. भालाईताला समोरचा माणूस दिसतो. दुरून आलेला गोळा स्त्री, मूल, म्हातारा असा भेद करत नाही. लढाईतही या तिघांना इजा करू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. म्हणून मुलांना रम्माह यांची गोष्ट सांगताना आपण दोन्ही गोष्टी सांगाव्यात : इल्म कुणाकडून घेतले ते कबूल करावे, आणि ते कुणावर चालणार याचाही विचार करावा.